घरातील संगीतसंग्रह आणि संगणकावरील आज्ञावलीची निवड

(ग्वाल्हेर येथील पडाव भागातील मराठी रसिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्वाल्हेरचे नाव निघाले की महाराष्ट्रातील संगीतप्रेमी माणसाला किल्ल्याच्या आधी ख्याल आठवतो. हस्सू खाँ आणि हद्दू खाँ या बंधूंनी शिंदे दरबाराच्या आश्रयाने जी गायकी नावारूपाला आणली, ती वासुदेवबुवा जोशी यांच्यापासून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी घेतली आणि महाराष्ट्रात नेली. बाळकृष्णबुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय सुरू केले. खुद्द ग्वाल्हेरात शंकरराव पंडित यांच्या मराठी घरात निसार हुसेन खाँ यांचे वास्तव्य होते, आणि त्या घरातूनच कृष्णराव शंकर पंडित (१८९३-१९८९) यांच्यासारखा गायक तयार झाला. कृष्णरावांनी १९१४ साली आपले संगीत विद्यालय काढले. १९१८ साली माधवराव शिंदे यांच्या पाठिंब्याने व पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या योजनेने येथे माधव संगीत विद्यालय सुरू झाले. २०२३ साली युनेस्कोने ग्वाल्हेरची गणना जगातील संगीतनगरांमध्ये केली.

हा इतिहास येथील श्रोत्यांना नवा नाही. परंतु या नगराचे संगीत केवळ विद्यालयांत आणि तानसेन समारोहाच्या मंडपातच साठलेले आहे असे नव्हे. त्याचा मोठा भाग लष्कर, पडाव, मुरार येथील घरांत, माळ्यावरच्या पेटाऱ्यांत आणि भिंतीतल्या कपाटांत पडून आहे. दिवाणखान्यात झालेल्या मैफलीची ध्वनिफीत, आकाशवाणीवरून उतरवून घेतलेले रात्रीचे गायन, आजोबांनी पुण्याहून आणलेल्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्या, गुरुजींनी शिकवणीच्या वेळी गाऊन दाखविलेला एखादा अस्ताई-अंतरा, असे हे साहित्य असते. ते बाजारात विकत मिळत नाही आणि एकदा गेले की परत येत नाही. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांवर जातो. अशा हवेत पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेल्या ध्वनिफितीची काय दशा होत असेल याची कल्पना कोणालाही करता येईल.

आता पुष्कळ घरांत या फितींचे संगणकावर रूपांतर करण्याचे काम मुले-नातवंडे हौसेने करीत आहेत. ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र या कामात एक धोका असा आहे की, जो काम संपल्यावरच लक्षात येतो. असे समजा की, पडावातील एका घरातील दोनशे फिती नातवाने सुटीत संगणकावर चढविल्या. त्यांना आपोआप मिळालेली नावे होती 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२' आणि कलावंताच्या जागी 'अज्ञात'. फितीच्या डबीवर आजोबांच्या हातचे जे अक्षर होते ते संगणकावर आले नाही, आणि डब्या दिवाळीच्या साफसफाईत गेल्या. आता हा आवाज कोणाचा, ही मैफल कोणत्या साली झाली, तबल्यावर कोण होते, हे सांगू शकणारी एकच व्यक्ती घरात आहे, ती म्हणजे आजी. आजींचे वय ऐंशीच्या पुढे आहे. अशा वेळी संग्रह वाचला असे म्हणता येत नाही. आवाज तेवढा वाचला, त्याची ओळख गेली.

म्हणूनच संगणकावर संगीत लावण्यासाठी व त्याची व्यवस्था ठेवण्यासाठी कोणती आज्ञावली, म्हणजे ज्याला आपण रोजच्या बोलण्यात सॉफ्टवेअर म्हणतो ते, निवडावी हा प्रश्न वरवर हौसेचा वाटला तरी तसा नाही. ग्रंथालयात पुस्तके आणि त्यांची नोंदवही या दोन वेगळ्या वस्तू असतात. संगीताच्या संग्रहातही तसेच आहे. ध्वनी एका ठिकाणी असतो व त्याची नोंद दुसऱ्या. ही नोंद कोठे लिहिली जाते, यावर पुढील पिढीला काय मिळेल हे अवलंबून राहते.

नोंद दोन ठिकाणी लिहिता येते. एक म्हणजे खुद्द ध्वनीच्या फाईलमध्ये. अशा नोंदीला 'टॅग' म्हणतात. एमपीथ्री फाईलींसाठी या टॅगची पद्धत १९९६ साली प्रथम निघाली. त्या वेळी गीताच्या नावाला अवघी तीस अक्षरे मिळत आणि त्यांत देवनागरी बसत नसे. १९९८ च्या सुधारलेल्या पद्धतीत ही अडचण दूर झाली. दुसरी जागा म्हणजे आज्ञावलीची स्वतःची वही, जिला माहितीकोश म्हणावे. वापरणाऱ्याला पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. परंतु संगणक बदलला, आज्ञावली बंद पडली किंवा फाईली दुसऱ्याला दिल्या, की टॅग फाईलबरोबर जातो आणि माहितीकोशातली नोंद मागे राहते. सासरी जाणाऱ्या मुलीच्या अंगावरचे दागिने तिच्याबरोबर जातात, तिजोरीतले राहतात, तसाच हा प्रकार आहे.

आज्ञावल्या बंद पडतात ही केवळ शंका नव्हे. १९९७ साली निघालेली विनॲम्प ही एके काळी घरोघर होती. २०१३ साली तिच्या तत्कालीन मालकांनी ती बंद करण्याचे जाहीर केले आणि पुढे तिने हात बदलले. ॲपल कंपनीची आयट्यून्स २००१ साली आली आणि २०१९ साली त्या कंपनीच्या संगणकांवर तिचे तुकडे होऊन निराळ्या आज्ञावल्या झाल्या. गूगल कंपनीची प्ले म्युझिक ही सेवा, जिच्यावर लोकांनी आपापले संग्रह चढवून ठेवले होते, ती २०२० साली मिटली. लोकांनी सीडीवरील गीतांची नावे ज्या फ्रीडीबी नावाच्या सार्वजनिक कोशात भरली होती तोही त्याच वर्षी बंद झाला. याच्या उलट एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. स्क्वीझबॉक्स नावाचे घरात संगीत ऐकविणारे यंत्र बनविणे लॉजिटेक कंपनीने २०१२ साली सोडले, परंतु त्या यंत्राला संगीत पुरविणारी आज्ञावली मुक्त स्वरूपाची असल्यामुळे वापरणाऱ्यांनीच ती चालू ठेवली, आणि २०२४ पासून ती लिरिअन या नव्या नावाने चालू आहे. ज्या आज्ञावलीचा मूळ मजकूर सर्वांना खुला असतो ती कंपनीबरोबर मरतेच असे नाही.

यावरून निवडीची पहिली कसोटी निघते, आणि ती कोणत्याही घरी अर्ध्या तासात लावून पाहता येते. दहा-वीस फाईलींच्या प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये घ्याव्यात. नव्या आज्ञावलीत त्यांच्यावर गायक, राग, ताल, स्थळ, तारीख अशी माहिती देवनागरीत भरावी. मग त्याच फाईली दुसऱ्या, संपूर्ण निराळ्या आज्ञावलीत उघडाव्यात. भरलेली माहिती तेथे जशीच्या तशी दिसली तर पहिली आज्ञावली विश्वासास पात्र. दिसली नाही, किंवा देवनागरीच्या जागी चौकोन व प्रश्नचिन्हे दिसली, तर ती कितीही देखणी असो, तिच्या हाती संग्रह देऊ नये.

दुसरी कसोटी आपल्या संगीताच्या स्वभावातून येते. या आज्ञावल्या पाश्चात्य बाजारातील गीतांसाठी घडविल्या गेल्या आहेत. त्यांत कलावंत, अल्बम, गीताचे नाव, संगीतकार आणि प्रकार असे रकाने तयार असतात. राग, ताल, लय, साथीदार यांना रकाना नसतो. ख्यालगायनाच्या मैफलीला अल्बम म्हणावे तरी काय? काही जण 'प्रकार' या रकान्यात राग लिहितात, काही जण 'संगीतकार' या रकान्यात. असे केले की काही दिवस बरे चालते आणि मग भजनाचे रचनाकार म्हणून तुकाराम महाराजांचे नाव आणि भैरवीचे नाव एकाच यादीत येऊन बसते. तेव्हा ज्या आज्ञावलीत स्वतःचे नवे रकाने करता येतात तीच घ्यावी. फ्लॅक या प्रकारच्या फाईलीत कोणत्याही नावाचा रकाना घालता येतो. एमपीथ्रीतही त्याची सोय आहे. मात्र आज्ञावलीने तो रकाना दाखविला पाहिजे आणि त्यावर शोध घेऊ दिला पाहिजे. घरगुती मैफलीला अल्बमच्या जागी दिनांक व स्थळ लिहिण्याची पद्धत सोयीची पडते. दिनांक लिहिताना वर्ष प्रथम, मग महिना, मग दिवस असा क्रम ठेवला म्हणजे यादी आपोआप कालानुक्रमे लागते.

या संदर्भात महाराष्ट्रातील एका मोठ्या कामाचा निर्देश करणे योग्य होईल. गी पॉयटव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने ग्रामीण स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या एकत्र करण्यात आल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. हा संग्रह पुढे 'परी' या ग्रामीण पत्रकारितेच्या संस्थेकडे आला. त्यातील ओवी जेव्हा ऐकावयास मिळते तेव्हा तिच्याबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव, गाव, तालुका, जिल्हा ही माहितीही मिळते, आणि ओव्यांची मांडणी विषयवार केलेली आहे. माहेर, भाऊ, लेक, पंढरी असे हे विषय आहेत. कोणत्याही परक्या आज्ञावलीच्या रकान्यांनी हे सुचविले नसते. ज्यांनी ओव्या जवळून ऐकल्या त्यांनाच कोणते रकाने हवेत हे कळले. खेड्यातील भजनी मंडळाचे ध्वनिमुद्रण करणाऱ्या शिक्षकानेही प्रथम कागदावर आपले रकाने आखावेत व मग संगणक उघडावा.

नावांचा प्रश्न आणखी गमतीचा आहे. ग्वाल्हेरच्या मराठी घरात दोन भाषा नांदतात. आजोबा 'मालकंस' लिहितात आणि नात शाळेच्या सवयीने 'मालकौंस' लिहिते. इंग्रजी लिपीतून आलेल्या फाईलीत तिसरेच काही असते. संगणकाला हे तीन राग वाटतात. भूप आणि भूपाली, यमन आणि इमन यांचीही तीच कथा. त्यात 'पंडित' या उपाधीने आणखी घोटाळा होतो. प्रत्येक गवयाच्या नावाआधी 'पं.' लिहिले की वर्णानुक्रमे सारे गवई 'प' या अक्षराखाली रांगेने उभे राहतात, आणि कृष्णराव शंकर पंडित यांच्यासारख्यांच्या बाबतीत उपाधी कोणती व आडनाव कोणते हे संगणकाला कळत नाही. उपाधी गाळणे घरातील वडीलधाऱ्यांना रुचत नाही, व ते स्वाभाविक आहे. यावर उपाय असा की चांगल्या आज्ञावलीत दाखविण्याचे नाव आणि क्रम लावण्याचे नाव असे दोन रकाने असतात. पहिल्यात सन्मानाने पूर्ण नाव लिहावे, दुसऱ्यात केवळ 'कृष्णराव' असे. एका वहीत रागांची व कलावंतांची मान्य रूपे लिहून ठेवावीत आणि घरातील सर्वांनी त्या वहीप्रमाणे चालावे. काही वर्षांपूर्वी जुन्या मराठी टंकांत भरलेल्या याद्या आज निरर्थक चिन्हांसारख्या दिसतात. तेव्हा सर्व लेखन युनिकोड पद्धतीच्या मराठी कळफलकावरच करावे.

ऐकण्याच्या बाबतीतही ख्याल आपले हक्क मागतो. सीडीवर विलंबित ख्याल हा एक तुकडा व द्रुत बंदिश हा दुसरा तुकडा असतो, परंतु गायकाने मध्ये श्वासाइतकीच उसंत घेतलेली असते. ज्या आज्ञावलीला दोन तुकडे सलग लावता येत नाहीत तिच्यात त्या जागी क्षणभर पोकळी येते, तंबोरा एकदम थांबतो व पुन्हा सुरू होतो, आणि कान दचकतो. एमपीथ्रीमध्ये ही पोकळी रूपांतराच्या पद्धतीमुळेच निर्माण होते. चांगल्या आज्ञावल्या ती भरून काढतात. तसेच सरमिसळ लावण्याची कळ दाबली की तुकड्यांची सरमिसळ होऊन द्रुत आधी आणि विलंबित उद्या, असा प्रकार घडतो. सरमिसळ करावयाची असेल तर ती संपूर्ण मैफलींची करता आली पाहिजे. आवाजाची पातळी समान करणारी एक सोयही पुष्कळ ठिकाणी असते. ती प्रत्येक तुकड्याला निराळी लावली तर आलापाची हळुवार सुरुवात तराण्याइतकी मोठी होते. ती संपूर्ण मैफलीला एकच लावावी.

आता प्रत्यक्ष आज्ञावल्यांकडे वळणे योग्य होईल. व्हीएलसी ही फ्रान्समधील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून निघालेली मुक्त आज्ञावली जवळजवळ प्रत्येक प्रकारची फाईल वाजविते व विनामूल्य आहे. एखादी अनोळखी फाईल वाजते की नाही हे पाहण्यासाठी ती घरात असावीच. पण संग्रहाची व्यवस्था हा तिचा प्रांत नव्हे. ॲपलची संगीताची आज्ञावली देखणी असली तरी फ्लॅक फाईली ती संग्रहात घेत नाही, आणि स्वतःचे नवे रकाने तिच्यात दिसत नाहीत. ज्या घरी त्या कंपनीचेच संगणक आहेत त्यांनी हे जाणूनच पुढे जावे. विंडोज असलेल्या संगणकासाठी दोन नावे विशेष विचारात घेण्यासारखी आहेत. म्युझिकबी ही २००८ पासून असलेली विनामूल्य आज्ञावली नवशिक्याला सोपी जाते, चित्रांसह यादी दाखविते, आणि तिच्यात राग-ताल यांसारखे रकाने स्वतः ठरविता येतात. २००२ साली आलेली फूबार २००० ही दिसावयास रूक्ष, किंबहुना कचेरीतील नोंदवहीसारखी आहे, परंतु कोणत्याही नावाचा रकाना तिला वर्ज्य नाही आणि जुन्या, मंद संगणकावरही ती हलकी चालते. ग्रामपंचायतीच्या वा शाळेच्या कोपऱ्यात पडलेल्या जुन्या संगणकासाठी तीच अधिक योग्य ठरेल. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी क्वॉड लिबेट ही आज्ञावली मोकळ्या रकान्यांच्या बाबतीत अतिशय उदार आहे. स्ट्रॉबेरी हीही चांगली असून तिची वंशावळ मोठी मनोरंजक आहे. अमारोक बदलली तेव्हा तिच्या जुन्या रूपावरून क्लेमेंटाइन निघाली, तिचे काम मंदावले तेव्हा २०१८ साली स्ट्रॉबेरी निघाली. घराणी अशीच पुढे जातात.

जे घर मोठे आहे आणि जेथे एकाच संग्रहाचा लाभ दिवाणखाना, माजघर व मुलांचे भ्रमणध्वनी या सर्वांना हवा आहे, त्यांनी दुसरी रचना करावी. एका लहान संगणकावर संग्रह ठेवून तेथून सर्वांना संगीत पुरविणारी आज्ञावली चालवावी. वर उल्लेखिलेली लिरिअन, तसेच नॅव्हिड्रोम व जेलीफिन या तिन्ही मुक्त व विनामूल्य आहेत. तळहाताएवढ्या रास्पबेरी पाय संगणकावरही हे काम होते आणि विजेचा खर्च अत्यल्प येतो. २०१५ साली आलेली रून ही व्यापारी आज्ञावली ध्वनिप्रेमी मंडळींत नावाजलेली आहे. तिच्यासाठी नियमित वर्गणी वा एकदाच मोठी रक्कम भरावी लागते. कलावंतांची चरित्रे व परस्परसंबंध दाखविणे हा तिचा गुण पाश्चात्य संगीतात खुलतो. घरगुती मैफलीच्या बाबतीत तिच्या कोशात काही सापडण्याचा संभव नसल्याने तो पैसा ग्वाल्हेरच्या सामान्य कुटुंबाने एका चांगल्या बाह्य तबकडीवर खर्च करणे शहाणपणाचे ठरेल.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. पुष्कळ आज्ञावल्या आपण होऊन फाईलींची नावे बदलतात, फोल्डर हलवितात, इंटरनेटवरून 'योग्य' माहिती आणून जुन्यावर लिहितात. प्रकाशित सीडीच्या बाबतीत म्युझिकब्रेन्झसारख्या सार्वजनिक कोशाचा चांगला उपयोग होतो. परंतु लष्करातल्या दिवाणखान्यात १९७८ साली झालेली मैफल त्या कोशाला कोठून माहीत असणार? तो जवळचे काहीतरी नाव चिकटवून देतो, आणि आजीने सांगितलेले खरे नाव पुसले जाते. तेव्हा या आपोआप चालणाऱ्या सोयी आरंभीच बंद कराव्यात.

मूळ ध्वनी कसा उतरवावा, याविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण वाईट उतरविलेला ध्वनी उत्तम आज्ञावलीनेही सुधारत नाही. फितीच्या डबीच्या वरच्या कडेच्या दोन्ही पाकळ्या प्रथम मोडाव्यात, म्हणजे चुकूनही तिच्यावर नवे मुद्रण होणार नाही. फीत एकदा पुढे व मागे पूर्ण गुंडाळून घ्यावी. यंत्राचे डोके स्वच्छ करावे. यंत्रातून संगणकात ध्वनी तारेनेच न्यावा. यंत्रासमोर भ्रमणध्वनी धरून मुद्रण करण्याची सवय फार पसरली आहे, पण रेल्वे स्थानकाशेजारच्या पडावासारख्या वस्तीत असे केले तर बिहागाच्या आलापात झाशीकडे जाणाऱ्या गाडीची शिटी कायमची मुद्रित होईल. यंत्राचा वेग कमीअधिक असला तर स्वर चढतो वा उतरतो, व काळी एकमध्ये गाणारा गायक काळी दोनमध्ये गाऊ लागतो. जाणत्याच्या कानावर एकदा घालून खात्री करावी. उतरविण्यासाठी ऑडॅसिटी ही मुक्त आज्ञावली पुरेशी आहे. खरखर काढण्याचा मोह मूळ प्रतीवर करू नये. तंबोऱ्याचा झणकार आणि फितीची खरखर यांतला भेद यंत्राला नेहमीच कळतो असे नाही.

फाईलचा प्रकार निवडताना जागेची चिंता आता करण्याचे कारण नाही. सीडीच्या दर्जाचे एका तासाचे ध्वनिमुद्रण सुमारे ६३५ मेगाबाइट जागा घेते. फ्लॅक पद्धतीने ते एक कणही न गमावता साधारण निम्म्यावर येते. साठ मिनिटांच्या तीनशे फिती अशा रीतीने शंभर गिगाबाइटच्या आतबाहेर मावतात, आणि एक टेराबाइटची बाह्य तबकडी आज सहज मिळते. एमपीथ्रीमध्ये ध्वनीचा काही भाग कायमचा गाळला जातो. भ्रमणध्वनीवर नेण्यासाठी ती प्रत जरूर करावी, मूळ प्रत म्हणून ठेवू नये. संग्रहाच्या तीन प्रती असाव्यात व त्यांतील एक घराबाहेर, शक्य तर दुसऱ्या गावी असावी. पुण्याला वा इंदूरला असलेल्या लेकीकडे एक तबकडी ठेवली तर हा हेतू साधतो, आणि दर वर्षी ती तबकडी घेऊन येण्याच्या निमित्ताने लेकही माहेरी येते.

कायद्याची बाजू कचेरीत वारंवार विचारली जाते. भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ अन्वये प्रकाशित ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षे राहतो. खाजगी वा वैयक्तिक उपयोगासाठी योग्य मर्यादेत केलेल्या वापरास त्या कायद्यात मुभा आहे. घरच्या संग्रहाची घरात ऐकण्यासाठी प्रत करणे आणि ती इंटरनेटवर सर्वांना उपलब्ध करून देणे यांत महदंतर आहे. मैफलीच्या मुद्रणाच्या बाबतीत गायनाच्या पुढील वर्षारंभापासून पन्नास वर्षे कलावंताचे हक्क असतात. तेव्हा घरातील एखादी दुर्मिळ मैफल लोकांपुढे आणावयाची असेल तर त्या कलावंताच्या कुटुंबाची लेखी संमती घ्यावी. अशी संमती बहुधा आनंदाने मिळते, आणि त्या कुटुंबाकडून साथीदारांची नावे व मैफलीचा तपशीलही कळतो, जो आपल्या रकान्यांत भरता येतो.

कामाचा क्रम शेवटी असा लावावा. फिती, तबकड्या आणि सीडी यांना प्रथम क्रमांक द्यावेत व तोच क्रमांक फाईलच्या नावाच्या आरंभी घालावा. प्रत्येक डबीवरील मजकुराचे, पुढून व मागून, छायाचित्र घेऊन ते त्याच फोल्डरमध्ये ठेवावे. मग ज्या फितींवर काहीच लिहिलेले नाही त्या सर्वांत आधी उतरवाव्यात. याचे कारण उघड आहे. लिहिलेली फीत पुढच्या वर्षी उतरविली तरी तिची ओळख राहील. कोऱ्या डबीची ओळख ज्यांच्या स्मरणात आहे त्यांच्यासाठी थांबता येत नाही. अशी फाईल तयार झाली की त्याच संध्याकाळी आजींना जवळ बसवून ती लावावी, आणि ऐकता ऐकता त्या जे सांगतील ते 'शेरा' या रकान्यात त्यांच्याच शब्दांत लिहावे. 'हे बहुधा लग्नाच्या आदल्या रात्रीचे गाणे', 'पेटीवर आमचे थोरले दीर होते', असे अपुरे वाटणारे वाक्यही लिहावे, आणि कोणी व केव्हा सांगितले तेही त्यापुढे नोंदवावे. नक्की माहिती व अंदाज यांसाठी निराळी खूण ठेवावी. आजींना आठवत नसेल तर फीत पुढे नेऊन द्रुत बंदिश लावावी. शब्दांवरून पुष्कळदा गायक ओळखू येतो. तेही न जमल्यास 'अज्ञात' असे न लिहिता रकाना रिकामा सोडून फितीचा क्रमांक वेगळ्या यादीत घ्यावा, आणि ती यादी माधव संगीत महाविद्यालयातील वा गावातील एखाद्या जाणत्या शिक्षकांना दाखवावी.

दर संध्याकाळी एक फीत या हिशेबाने दोनशे फितींना सुमारे सात महिने लागतात. येत्या उन्हाळ्यापूर्वी माळ्यावरचे पेटारे निदान खालच्या खोलीत आणून ठेवावेत.